युक्रेनचं डॉक्युमेंटरी नाटक मराठीत वाचायचंय, सूर कसा ठेवायचा?

तालमीची_वही:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. पुण्यात आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, सगळे नोकरीवाले, शनिवार-रविवार तालीम आणि तीन-चार महिन्यांतून एकदा अभिवाचन, कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास लोक बसतात एवढंच. यावेळी युक्रेनच्या नाटककारांनी २०२२ नंतर लिहिलेले छोटे छोटे मजकूर घ्यायचं चाललंय. कीवमध्ये वीसेक नाटककारांनी मिळून स्वतःचं थिएटर काढलं होतं, थिएटर ऑफ प्लेराइट्स, मार्च २०२२ मध्ये उद्घाटन ठरलं होतं आणि त्याआधीच २४ फेब्रुवारीला रशियाचा हल्ला झाला. त्यांचा प्रमुख माक्सिम कुरोच्किन, स्वतः नाटककार, तो टेरिटोरियल डिफेन्समध्ये, म्हणजे नागरिकांच्या संरक्षण दलात, बंदूक घेऊन उभा राहिला आणि बाकीचे जिथे होते तिथून, कोणी तळघरातून कोणी सीमेपलीकडून, लिहायला लागले. जॉन फ्रीडमन नावाच्या अनुवादकाने ते मजकूर इंग्रजीत आणून कितीतरी देशांत त्यांची वाचनं घडवून आणली. आम्ही इंग्रजीवरून मराठी करतोय, परवानगीसाठी मेल टाकलाय.

आता अडलंय ते असं. यात लढाई फारशी नाहीच. पाणी भरून ठेवणं, मोबाईल चार्ज करणं, मांजर पिशवीत बसत नाही, शेजारीण फोन उचलत नाही, असलंच सगळं. पहिल्या वाचनाला आमच्या एका मैत्रिणीने ती पाणी भरण्याची वाक्यं इतक्या रडवेल्या आवाजात वाचली की मला ऐकवेना, आणि ती खरंच मनापासून वाचत होती, तिची चूक आहे असं नाही. दुसरीकडे आमचा दिग्दर्शक म्हणतो गावांची नावं कुणाला कळणार, आपण सरळ आपल्याकडचं गाव करू, बायका आपल्या बोलीत बोलतील, लोकांना जवळचं वाटेल. मला दोन्ही पटत नाहीये पण का ते धड सांगता येत नाहीये आणि शनिवारी तालीम आहे. कुणी असली नाटकं पाहिली असतील तर प्लीज लिहा.

म्युनिकहून_मी:

ताई, मी २०२३ ला इथे म्युनिकच्या कामरश्पील थिएटरमध्ये युक्रेनची नाटककार नतालिया वोरोझबित हिचं ग्रीन कॉरिडॉर्स पाहिलं. ते शब्दशः डॉक्युमेंटरी, म्हणजे खऱ्या माणसांच्या बोलण्यातून उभं केलेलं, नाही, लिहिलेलं नाटक आहे, युद्धामुळे युरोपात आसऱ्याला आलेल्या बायकांचं, पण ही बाई मुळात त्याच वाटेने आलेली आहे म्हणून सांगतो. २०१४ मध्ये कीवच्या मुख्य चौकात सरकारविरुद्धचं मैदान आंदोलन चालू असताना तिने आणि तिच्यासोबतच्या लोकांनी तिथे जाऊन माणसांशी बोलून रेकॉर्डिंग केली आणि त्यातून मैदान डायरीज उभं राहिलं, लोकांचे शब्द जसेच्या तसे. मग २०१५ ला तिने, गेओर्ग झनू या जर्मन दिग्दर्शकाने आणि आणखी काही जणांनी कीवमध्ये थिएटर ऑफ डिस्प्लेस्ड पीपल सुरू केलं. दोनबासमधून, म्हणजे पूर्व युक्रेनच्या लढाईच्या भागातून, घर सोडून आलेले लोक तिथे स्वतः उभे राहून स्वतःचं सांगायचे. आणि एक गोष्ट तुमच्या ग्रुपला नक्की सांगा, त्यांच्या टीममध्ये पहिल्यापासून एक मानसशास्त्रज्ञ होता. कारण माणूस स्टेजवर स्वतःचं उकलून सांगतो आणि आपण टाळ्या वाजवून घरी येतो, पण तो त्याच आठवणी घेऊन झोपणार असतो.

त्यातलंच एक काम म्हणजे मिकोलाइव्का. दोनेत्स्क भागातलं छोटं गाव, २०१४ च्या लढाईत तिथली शाळा फुटली होती, मग पुन्हा बांधली. तिथल्या शाळकरी मुलांबरोबर यांनी नाटक केलं आणि त्यावरून पुढे स्कूल नंबर ३ ही फिल्म झाली, २०१७ ला बर्लिनालेला, म्हणजे बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला, चौदा वर्षांवरच्या मुलांच्या विभागात मोठं बक्षीस मिळालं तिला. त्यात मुलं बॉम्बबद्दल बोलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या वस्तूंबद्दल बोलतात, कोण आवडतं ते सांगतात, घरातलं सांगतात. युद्ध त्या बोलण्याच्या मागे कुठेतरी उभं असतं आणि ते तसंच असायला हवं. मुलांनी रडून सांगितलं असतं तर मी बहुतेक पाच मिनिटांत बाहेर आलो असतो.

म्हणून तुमच्या मैत्रिणीला एवढंच सांगा की ती पाणी भरणारी बाई त्या क्षणी दुःखी नाहीये, ती कामात आहे. बादली भरली की नाही एवढंच तिच्या डोक्यात आहे.

नेपथ्य_७२:

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली. सपाट वाचायचं सपाट वाचायचं म्हणून लोक जे वाचतात ते शेवटी आकाशवाणीवरच्या बातम्या होतं. प्रेक्षक शनिवारी संध्याकाळी घरातून उठून येतो त्याला काहीतरी हाती लागलं पाहिजे की नाही? आणि बोलीचं म्हणाल तर दिग्दर्शकाचं अगदीच चूक नाही. माझ्या वाचनात आलंय की तिथे खूप लोक सुर्झिक बोलतात, म्हणजे युक्रेनियन आणि रशियन मिसळलेली भाषा, आणि असल्या नाटकांत ती तशीच ठेवतात. तुम्ही तिचं पुस्तकी मराठी केलंत तर मूळ माणूस मेलाच की. मग मालवणी नाहीतर वऱ्हाडी वापरायला काय हरकत आहे?

म्युनिकहून_मी:

काका, राग कसला, सुर्झिकचा मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण मालवणी म्हटलं की माडाची झाडं आली, देवळाची जत्रा आली, ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती बाई मारियुपोलसारख्या युक्रेनच्या शहरातली राहतच नाही. आणि तिथे कुठली भाषा बोलायची हा साधा प्रश्न राहिलेला नाहीये, जन्मभर रशियन बोललेल्या कितीतरी लोकांनी २०२२ नंतर ठरवून युक्रेनियन बोलायला घेतलं, अडखळत का होईना. ते मराठीत कसं आणायचं मला खरंच माहीत नाही. माझ्या मते घरात बोलतो तसं साधं मराठी ठेवावं, वाक्य अर्धवट सुटलं असेल तर अर्धवटच सोडावं, आणि मिकोलाइव्काला मिकोलाइव्काच म्हणावं. प्रेक्षकाला गाव माहीत नसेल तर आधी नकाशा दाखवा ना भिंतीवर.

मारियुपोलवरून आठवलं. १६ मार्च २०२२ ला तिथल्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला, आत शेकडो माणसं आसऱ्याला होती, बाहेर जमिनीवर दोन्ही बाजूंना रशियनमध्ये मोठ्ठ्या अक्षरांत 'मुलं' असं लिहिलेलं होतं तरी. त्या थिएटरचे वाचलेले काही नट पुढे पार पश्चिमेला उझहोरोदला गेले, स्लोव्हाकियाच्या सीमेला लागून आहे ते, आणि तिथे त्यांनी मारियुपोल ड्रामा बसवलं. त्या नाट्यगृहात आसरा घेतलेली माणसं स्वतःच स्टेजवर स्वतःचं सांगतात. आता या नाटकात गाव बदलून बघा. बदलताच येणार नाही, कारण नाटक त्या इमारतीचंच आहे.

आणि काका, प्रेक्षकाला काय मिळतं म्हणालात ना. तिथे मधेच सायरन वाजला की प्रयोग थांबतो, सगळे उठून शेल्टरमध्ये जातात, धोका लवकर टळला तर परत येऊन पुढे चालू नाहीतर दुसऱ्या दिवशीचं तिकीट. कितीतरी ठिकाणी शेल्टरमध्ये जेवढी माणसं मावतील तेवढीच तिकिटं विकत होते, काही ठिकाणी तर प्रयोगच तळघरात. एवढं करून लोक येतात, नाटकाला गर्दी वाढलीये उलट. त्या लोकांना कुणी रडून दाखवायची गरज नाही असं मला वाटतं.

खारकिवचा_डॉक्टर:

इथे सहसा फक्त वाचतो, पण हा धागा पाहून राहवलं नाही. मी मूळचा लातूरचा, २०२२ ला युक्रेनमध्ये रशियाच्या सीमेजवळच्या खारकिवला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो. डॉक्युमेंटरी थिएटर वगैरे मला कळत नाही, सुराबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

आमच्या हॉस्टेलला एक कोमेंदान्त होती, म्हणजे वॉर्डन म्हणा, साठीची बाई, आम्ही तिला बाबुश्का म्हणायचो, तिला ते आवडायचं नाही. २४ तारखेला पहाटे पाचच्या सुमारास पहिले आवाज आले आणि सकाळपर्यंत आम्ही सगळे तळघरात. तिने पहिलं काम काय केलं तर वही काढली आणि कोण कुठल्या कोपऱ्यात झोपणार ते लिहून घेतलं, भिंतीला लागून आजारी पोरं, दाराजवळ उंच पोरं. रोज सकाळी ती प्रत्येकाजवळ येऊन विचारायची, चाय पिल? रशियनमध्ये चहा घेतलास का हे इतकं आपल्यासारखं ऐकू येतं की पहिल्या वर्षी आम्ही खूप हसलो होतो. वर धडाम धडाम चालू, तळघराच्या छताचा चुना खाली पडतोय, आणि ही त्याच आवाजात विचारतेय, चाय पिल? आवाज वर नाही खाली नाही. परीक्षेच्या दिवशी विचारायची तसाच.

२ मार्चला आपल्या एम्बसीचा मेसेज आला, खारकिव ताबडतोब सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाय नाहीतर बेझल्युदिव्का गाठा. पिसोचिन अकरा किलोमीटर. आदल्याच दिवशी आपला कर्नाटकचा एक मुलगा मारला गेला होता, सगळ्यांचे हातपाय गार पडले होते. आम्ही निघालो तर ही दारात उभी. मला वाटलं आता मिठी मारेल. तिने वही पुढे केली आणि म्हणाली खोलीच्या किल्ल्या जमा करा, इथे सही करा, वेळ लिहा. आम्ही लाइनीत उभं राहून सह्या केल्या, मागे लांब कुठेतरी धूर दिसत होता. मग प्रत्येकाच्या पिशवीत शिजवलेल्या ग्रेचकाचा एकेक डबा, ग्रेचका म्हणजे तिथलं रोजचं धान्य, आपला कुट्टू, आपल्याकडे उपवासाला खातात कुठे कुठे.

घरी आल्यावर हे सगळ्यांना सांगितलं तर लोक म्हणायचे किती कडक बाई, जाताना एक शब्द बोलली नाही. मला ते अजून नीट समजावता येत नाही. ती सही मागत होती म्हणूनच मला वाटलं की आपण परत येणार आहोत. तिने रडून निरोप दिला असता तर माझ्याच्याने अकरा किलोमीटर चाललं गेलं नसतं.

नेपथ्य_७२:

डॉक्टर, दोनदा वाचलं. बातम्यांचं जे म्हणालो होतो ते मागे घेतो. पण ताई, मग वाचणाऱ्याला फार तयारी लागेल हां. आवाजात काही न आणता माणूस उभा करायचा हे भल्याभल्यांना जमत नाही, कारण आपल्याला शिकवलंच उलटं आहे. आधी समोर बादली, वही, जे असेल ते खरंच ठेवा. हात कामात गुंतला की आवाज आपोआप जागेवर येतो.

तालमीची_वही:

सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे सांगता येत नव्हतं ते मिळालं. गावांची नावं बदलणार नाही हे आजच ग्रुपवर टाकलंय, दिग्दर्शक अजून कुरकुर करतोय पण नकाशाची कल्पना त्याला आवडली. काका, तुमचं ऐकून शनिवारी मैत्रिणीला खरी बादली आणि तांब्या देणारे, बोलता बोलता भरायला लावेन.

डॉक्टर, एक विचारू का? मूळ मजकुरांबरोबर तुमचं हे पानभर वाचलं तर चालेल का? तुमचं नाव, कॉलेज काही येणार नाही. आणि त्या बाईंशी अजून संपर्क आहे का? त्यांना न विचारता वाचणं बरं वाटणार नाही.

खारकिवचा_डॉक्टर:

माझी हरकत नाही ताई. तिला टेलिग्रामवर विचारतो, आता पोल्तावाला बहिणीकडे असते. दोन दिवस द्या, कधी कधी लाइट नसते त्यांच्याकडे.

खारकिवचा_डॉक्टर:

तिचं उत्तर आलं काल रात्री. आधी मी लिहिलेलं सगळं रशियनमध्ये करून पाठव म्हणाली, मोडकंतोडकं करून पाठवलं. वाचायला परवानगी आहे, पण दोन दुरुस्त्या सांगितल्यात. एक म्हणजे उंच पोरं दाराजवळ नव्हती, दाराजवळ ती स्वतः झोपायची, उंच पोरं पाण्याच्या कॅनजवळ होती. आणि दुसरं, चहा तिसऱ्या दिवशी संपला होता. त्यानंतर ती फक्त पाणी प्यायलास का विचारायची, चाय पिल रोज विचारलं हे खोटं आहे म्हणाली, तसं वाचू नका.