मदत हवी आहे: दोन फुटी मरीन टँकसाठी शांत आणि स्वस्त मासे सुचवा, जरा लवकर

अमेय_ठाणे
नमस्कार मंडळी. घरी मरीन टँक केलाय (म्हणजे समुद्री, खाऱ्या पाण्याचा), दोन फुटी. रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जातोय आणि अजून काय घ्यायचं ते ठरत नाहीये. लेकीला सिनेमातले निमो आणि डोरी दोन्ही पाहिजेत, दुकानदार म्हणतो दोन्ही आरामात राहतील. बजेट तीन हजार, त्याच्या वर नाही. भांडकुदळ मासे अजिबात नकोत, आत्ताच वैताग आलाय. पुढे कोरल (प्रवाळ) टाकायचेत म्हणजे कोरल कुरतडणारेही नकोत. प्लीज नुसती नावं सांगा, वाचून वाचून डोकं भंजाळलंय.

कावेरी_प
दोन फुटी म्हणजे किती लिटर? टँक चालू करून किती दिवस झाले? अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात होणारी विषं) मोजलंत का? नावं सांगते पण आधी हे सांगा.

समुद्रवेडा
डोरी विसरा. तो रीगल टँग, मोठा झाला की फूटभर होतो आणि दिवसभर लांब लांब पोहणारा मासा आहे. दोन फुटात त्याला वळायला जागा उरत नाही. दुकानात दोन इंचाचं पिल्लू दाखवतात म्हणून फसायला होतं. निमो म्हणजे ऑसेलॅरिस क्लाउन, डोळे मिटून घ्या, पण हॅचरीतला (पैदास केंद्रात वाढवलेला) मागा. समुद्रातून पकडलेला बऱ्याचदा आजार घेऊन येतो.

गप्पी_काका
मी पंचवीस वर्षं गप्पी पाळतोय, पाणी बदललं की झालं, एक रुपयाचं औषध लागलं नाही. मिठाच्या पाण्याचा खटाटोप कशाला? आणि टँक ईशान्येला ठेवा, बेडरूममध्ये नको.

अमेय_ठाणे
काका टँक हॉलमध्ये आहे आणि मीठ आधीच आणलंय, आता मागे फिरणं नाही. २४ × १२ × १५ इंच आहे, तीन आठवडे झाले. अमोनिया मोजला नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय.

कावेरी_प
म्हणजे ७० लिटरच्या आसपास, दगड-वाळू धरून त्याहून कमीच. आणि पाणी स्वच्छ दिसण्याचा अमोनियाशी काही संबंध नाही हो, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी तपासायचं किट आणा. अमोनिया शून्य आणि नायट्राइट पण शून्य येईपर्यंत मासा आणू नका, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. खरा प्रश्न हा आहे की तुम्ही सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तयार करणं, कशावर करताय? टँकमध्ये आत्ता काय आहे?

डोंबिवली_रीफ
मीठ कुठलं? पाणी आरओचं की नळाचं? पाण्याचा खारटपणा कशाने मोजता? झाकण आहे का? मी सांगतो, सगळ्यात स्वस्त म्हणजे अलिबागहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणायचं, मी दोन वर्षं तेच केलं.

समुद्रवेडा
अलिबागच्या किनाऱ्याचं पाणी? त्यात गाळ, बोटींचं तेल, पावसाळ्यात खारटपणा कमी. नवशिक्याला असलं सांगू नका दादा. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) १.०२५, एवढंच.

डोंबिवली_रीफ
माझे मासे जगले ना पण. तुम्ही बघितलेत का येऊन?

मुग्धा_नाशिक
भांडू नका हो. अमेय, मुलीला गंमत दाखवायची असेल तर पिवळा वॉचमन गोबी मासा घ्या आणि सोबत पिस्तूल कोळंबी. कोळंबीला फार कमी दिसतं, ती दिवसभर वाळू उपसून बीळ करते आणि एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबीनं शेपटी फडफडवली की दोघंही बिळात. आमच्याकडे पाहुणे टीव्ही सोडून हे बघत बसतात. आणि क्लाउनला अ‍ॅनिमोन लागत नाही; हा फुलासारखा समुद्री जीव नव्या टँकमध्ये मरतो आणि मेला की पाणी नासवतो.

अमेय_ठाणे
सॉरी, राहिलंच सांगायचं. दुकानदारानं सायकलसाठी तीन ब्लू डॅमसेल मासे दिले होते. एक मेला. उरलेल्यातला मोठा दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो, हीटरच्या मागून बाहेर येऊच देत नाही. त्याची शेपटी फाटून नुसते धागे राहिलेत. लेक काचेला नाक लावून बघत बसते आणि विचारते, बाबा त्याला का मारतोय तो. म्हणून शांत मासे विचारतोय.

कावेरी_प
अहो हे पहिल्या ओळीत सांगायचं! डॅमसेलनं टँक आपला मानलाय, आता त्यात गोबी टाका नाहीतर क्लाउन, तो सोडणार नाही. आधी त्याला काढा. जाळीनं पकडू नका, सगळे दगड उचकटाल. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंडाकडचं टोक कापा, उलटं करून बाटलीत बसवा, आत थोडं खाणं टाका आणि माशांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी बाटली टँकमध्ये आडवी ठेवा. दांडगा असतो तोच आधी शिरतो. मग दोन्ही दुकानात परत.

समुद्रवेडा
यांना +१. मग टेस्ट शून्य आल्यावर आधी वॉचमन गोबी, पंधरा दिवसांनी क्लाउनची जोडी, एक मोठा एक छोटा. मोठा मादी होतो, म्हणून सारख्या आकाराचे घेतले तर आधी ओढाताण होते. या पाण्यात तीन मासे पुरे. मँडरिन मासा कितीही सुंदर दिसला तरी नको, तो फक्त जिवंत बारीक किडे खातो, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. आणि कोरलबद्दल: दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, कुणी विकत असला तरी हात लावू नका.

गप्पी_काका
उन्हाळ्यात पाणी तापतं त्याचं काय करणार?

कावेरी_प
काका हा चांगला प्रश्न. पाण्यावर छोटा पंखा लावायचा, दोनेक डिग्री उतरतात. पण पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज नुसतं आरओचं पाणी भरायचं, मिठाचं नाही.

अमेय_ठाणे
बाटली ठेवली होती, चाळीस मिनिटांत मोठा आत! छोटा हीटरच्या मागून बाहेर आला आणि पहिल्यांदा पोटभर खाल्लं त्यानं. किट आणलं, अमोनिया ०.५ आहे. रविवार कॅन्सल, लेकीला समजावलंय, ती कॅलेंडरवर खुणा करतेय. छोट्यालाही परत द्यावंच लागेल का? लेकीनं नाव ठेवलंय त्याचं.

कावेरी_प
एकटा राहिला की तोही मोठ्यासारखाच होणार, नवीन मासे यायच्या आधी द्या परत. तोवर रोज थोडं पाणी बदला, ०.५ त्यालाही सोसत नाही.

डोंबिवली_रीफ
झाकण आहे का ते अजून सांगितलं नाहीत. गोबी रात्री उडी मारतात, माझा सोफ्याखाली सापडला होता.

अमेय_ठाणे
नाहीये झाकण. उद्या जाळी लावून घेतो.