तातडीच्या विभागातील खोळंबा कसा कमी होईल?

प्रश्न : छातीत दुखू लागल्याने वडिलांना खानापूरहून बेळगावच्या एका रुग्णालयात नेले, तेव्हा केसपेपरच्या रांगेतच बराच वेळ गेला आणि ते घामाने भिजलेल्या सदऱ्यानिशी बाकावर बसून राहिले. यावर काही व्यवस्था नसते का?

उत्तर : मी परिचारिका आहे. रुग्ण दारात येताच नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध तपासून लाल, पिवळा, हिरवा असा क्रम लावतात, त्याला ट्रायेज म्हणतात. छातीत दुखत असल्यास १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. केसपेपर नातेवाइकांनी मागाहून काढला तरी चालतो.

उत्तर : ट्रायेज हवेच, परंतु वॉर्डात खाट रिकामी नसली की दाखल करायचा रुग्ण तपासणीच्या खाटेवरच अडकतो आणि मागचे सगळे ताटकळतात. वॉर्डातील डिस्चार्ज सकाळीच उरकले, तर हा तुंबारा बराच ओसरतो.

उत्तर : आपल्या सीमाभागात भाषेचाही विचार व्हावा. आजीने ‘जीव घाबरा होतोय’ असे सांगितले, ते कन्नडभाषक डॉक्टरांना निव्वळ भीती वाटली. वास्तविक वृद्ध स्त्रियांना छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. दोन्ही भाषा जाणणारी व्यक्ती दारातच असावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.