आरोग्य केंद्रात विधी स्वयंसेवक (कायदेशीर मदत करणारा कार्यकर्ता) बसावा का?

धागाकर्ता, शहादा

दिवाळी आटोपली की धडगाव, अक्कलकुवा भागांतील पावरा आणि भिल्ल आदिवासी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन सुरत जिल्ह्यात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. गेल्या वैशाखात लसीकरणाच्या दिवशी मी एका आरोग्य केंद्रात होतो, तेव्हा दोन महिन्यांचे मूल घेऊन आलेल्या एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीतून गुजराती अक्षरांतले कार्ड काढले. बाळाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. मूल पडावावरच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळावरच्या, झोपडीत जन्मले होते. नर्सताईंनी लस दिली, पण जन्मदाखल्याचे काय करायचे, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांत कळवल्यास विनाशुल्क होते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. म्हणून स्थलांतराच्या हंगामात आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस विधी स्वयंसेवक बसावा, असे माझे मत आहे.

वैद्यकीय अधिकारी, रावेर परिसर

माझा विरोध आहे. आमच्याकडे मध्य प्रदेशातून केळीच्या कामाला मजूर येतात. फवारणीचे औषध अंगावर सांडलेल्या माणसाला मोटारसायकलवर बसवून ठेकेदारच आणतो, आणि मी काही विचारले की उत्तर देण्याआधी रुग्ण त्याच्या तोंडाकडे पाहतो. खोलीबाहेर कायद्याचे टेबल दिसले, तर पुढच्या वेळी ठेकेदार त्याला माझ्याकडे न आणता बोगस डॉक्टरकडे नेईल. हक्क मिळवून देण्याच्या नादात उपचारच हुकला, तर त्याची भरपाई कोण करणार?

निवृत्त ग्रामसेवक, तळोदा

डॉक्टरसाहेबांची भीती रास्त आहे, पण माझी अडचण निराळी आहे. जन्म गुजरातेत झाला असेल, तर इथला स्वयंसेवक अर्ज लिहून देण्यापलीकडे काय करील? पावरी बोलणाऱ्या बायांच्या हातात मराठी पत्रके ठेवून उठलेली शिबिरे मी पाहिली आहेत. त्यापेक्षा गाव सोडण्यापूर्वीच ग्रामपंचायतीत नोंदवही ठेवावी: कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणती बाई कितव्या महिन्यात आहे.

आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका

दादा, गरोदर बायांची यादी माझ्याकडे आहेच. ती पुढे पडावापर्यंत पोहोचत नाही, अडते तिथेच. स्वयंसेवक जरूर द्या, पण ती पावरी बोलणारी बाईच असावी, आणि तिचे कागद भरण्याचे काम आमच्या माथी मारू नये.

धागाकर्ता

ताईंची अट मला पूर्ण मान्य आहे. डॉक्टरसाहेब, टेबल बाह्यरुग्ण विभागासमोर नको, लसीकरणाच्या दिवशीच असावे, कारण त्या दिवशी बाया मुलांना घेऊन आपल्या आपण येतात. मात्र जखमी मजुराचा प्रश्न त्याने सुटत नाही. कामावर झालेल्या इजेच्या भरपाईचा दावा सर्वसाधारणपणे दोन वर्षांत करावा लागतो, आणि इजा कामावरच झाली हे दाखवायला त्याच्याजवळ बहुधा आपल्या केसपेपरशिवाय दुसरा कागद नसतो. त्यावर 'विषबाधा' एवढेच असेल, तर दावा उभा राहणे कठीण.

ग्रामसेवक भाऊ, एका प्राधिकरणाकडे आलेला अर्ज संबंधित जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे पाठवता येतो; १५१०० हा क्रमांकही गुजरातेत चालतो. नोंदवही मात्र हवीच, आणि तिची एक प्रत आशाताईंच्या यादीला जोडून दिवाळीपूर्वीच तालुका विधी सेवा समितीकडे गेली पाहिजे.

वैद्यकीय अधिकारी, रावेर परिसर

इजा कोणते काम करताना आणि कोणाच्या शेतात झाली, हे रुग्णाने सांगितल्याप्रमाणे केसपेपरवर लिहिण्यास मी तयार आहे. त्यासाठी ठेकेदाराला बाहेर थांबवून रुग्णाला एकट्याला विचारावे लागेल, तेही करीन. टेबलाला माझा विरोध, लसीकरणाचा दिवस वगळता, कायम आहे.