अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला फुलबॅकवाला (बॉलवाल्याच्या पुढे घुसून रस्ता करणारा) जुना पॉवर रनिंगचा खेळ आता कुठे बघायचा?

लिंकनचा_पाहुणा:
लोकहो, जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलची मॅच काल पुन्हा अख्खी बघितली. नेब्रास्का ६२, फ्लोरिडा २४, आणि ५२४ यार्ड नुसते पळून! टॉमी फ्रेझियरचा तो ७५ यार्डांचा टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) सगळ्यांनाच पाठ आहे, अंगाला माणसं लोंबकळतायत आणि गडी तरी सुटतो, पण मी यावेळी मुद्दाम बॉल सोडून लाईनकडे (समोरच्यांना ढकलणारी पुढची फळी) बघत बसलो. तोच तो रन (बॉल घेऊन पळणं) पुन्हा पुन्हा, आधी तीन यार्ड, मग पाच, मग समोरच्यांचे पायच उचलेनात. मला ती झीज बघायला आवडते हो. आता शनिवारी कुठलीही मॅच लावा, क्वार्टरबॅक (बॉल वाटणारा, पास टाकणारा) शॉटगनमध्ये, म्हणजे लाईनपासून काही पावलं मागे, आणि पास झेलणारे चार रिसीव्हर बाहेर पांगलेले. हे असं का झालं आणि जुना खेळ अजून कोणी खेळतं का?

पुलिंग_गार्ड:
खेळ संपला नाहीये, जागा बदललीये. पॉवर म्हणजे काय, तर एका बाजूची लाईन आतल्या बाजूला दाबते, फुलबॅक शेवटच्या माणसाला बाहेर ढकलतो आणि पलीकडचा गार्ड (लाईनमधलाच एक) वळसा घालून त्या फटीतून लाईनबॅकरवर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) जातो. २०१० ला ऑबर्नने हेच शॉटगनमधून केलं, फक्त पळणारा कॅम न्यूटन स्वतः होता! जुन्या पद्धतीत बॉल दिला की क्वार्टरबॅक नुसता बघत राहतो म्हणजे तुमचे दहाच जण कामाला, तो पळणारा असला की डिफेन्सला एक माणूस त्याच्यासाठी राखावाच लागतो. हिशोबच तसा आहे, म्हणून सगळे तिकडे गेले.

बिगटेन_भक्त:
मिशिगनची नोव्हेंबर २०२३ ची पेन स्टेटविरुद्धची मॅच बघ, प्लीज. सलग ३२ रन, दुसऱ्या हाफमध्ये बॉक्स स्कोरला (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) एकही पास नाही (एक टाकला होता पण पेनल्टी पडल्याने मोजला नाही). २४-१५ जिंकले. त्या दिवशी हेड कोचच्या जागी शेरॉन मूर होता, मुळात तो लाईनचा कोच, आणि मला वाटतं ते दिसत होतं. पुढे राष्ट्रीय टायटलपण त्यांनीच घेतलं.

लिंकनचा_पाहुणा:
@पुलिंग_गार्ड हिशोब पटला, पण फुलबॅक गेला त्याचं काय? स्वतःच्या हाती बॉल नाही, नाव कुठे येत नाही, तरी प्रत्येक वेळी डोकं घालून रस्ता करणारा माणूस, मला तोच हवा होता.

तीन_यार्ड:
मग आर्मी (लष्करी अकादमीची टीम) बघ. त्यांचा फुलबॅक पुढे उभा राहून रस्ता करणारा नाही, ऑप्शनमध्ये (बॉल कोणी न्यायचा हे क्वार्टरबॅक डिफेन्स बघून ठरवतो) तो स्वतःच बॉल घेऊन मधे घुसतो, पण झीज तीच. २०१८ ला ओक्लाहोमामध्ये जाऊन त्यांनी ६० पैकी ४४ मिनिटांहून जास्त वेळ बॉल स्वतःकडे ठेवला, ओक्लाहोमाचा कायलर मरेसारखा क्वार्टरबॅक बाकावर बसून बघतोय, मॅच ओव्हरटाईमला गेली. हरले २८-२१, पण मी उभा राहून बघितली ती. २०२२ पासून लाईनच्या बाहेर कमरेखाली ब्लॉक करायला बंदी आली, त्याचा ऑप्शनवाल्यांना फार फटका बसला. २०२३ ला आर्मीने शॉटगन करून बघितलं, मग २०२४ ला पुन्हा जुन्या वळणावर आले आणि कॉन्फरन्स (त्यांचा टीमांचा गट) जिंकली. क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीचे त्या सीझनला पळून ३२ टचडाऊन आहेत, तिथून सुरू कर.