प्रतिसाद: मिरजेहून डेहराडून की पाचगणी?

दादा, सहावीसाठी लेकीला मिरजेहून थेट डेहराडूनला, वेल्हम गर्ल्सच्या बोर्डिंगला, पाठवावं का म्हणताय. १९५७ सालची शाळा, नावाजलेली. त्याबद्दल वाद नाही. पण गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, मग पुढची गाडी. पोरगी तापाने फणफणली तर पोचेपर्यंत जीव टांगणीला. पाचगणीचं सेंट जोसेफ्सही मुलींचंच आणि १८९५ पासूनचं; सकाळी निघालात तर दुपारी दारात.

कुठेही घाला, इमारत बघून भुलू नका. रात्री मजल्यावर कोण झोपतं, नर्स कायम असते का, घरी फोन कधी लावू देतात, हे खोदून विचारा. माझी भाची हॉस्टेलवरून पहिल्या सुट्टीला आली ती डोकंभर उवा घेऊन. वेणी स्वतःची स्वतःला घालता येत नव्हती. केस आधीच कापा (वहिनींना पटणार नाही, तरी कापाच).

आणि तिला स्वतःला जायचंय का?