हवा कळते ती स्पर्धेतच: ग्लायडरवाल्यांनो, पटतंय का?

हवापाणी:
रेडिओ कंट्रोलची ग्लायडर मी सहा वर्षं नुसती उडवली, मग स्पर्धेत उतरलो. आता ठामपणे वाटतं की हवा कळायला लागते ती स्पर्धेतच.

माझा वर्ग एफ३के. पंखांचा विस्तार जास्तीत जास्त दीड मीटर, वजन ६०० ग्रॅमच्या आत. मोटर नाही, ओढायला दोरी नाही. पंखाच्या टोकाला छोटी खुंटी असते, ती बोटांत अडकवायची आणि थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन सोडायचं. सुटताना बोटांना सणसणीत हिसका बसतो. चांगली फेक साठ मीटरपर्यंत जाते, पुढचं सगळं हवेच्या हाती.

त्यात ‘शेवटचं उड्डाण’ नावाचा प्रकार आहे. दहा मिनिटांत कितीही वेळा फेका, मोजलं जातं फक्त शेवटचं, तेही पाच मिनिटांपर्यंतच. पुन्हा फेकलं की आधीचं पुसलं. एकदा माझे २ मिनिटं ५० सेकंद झाले होते, विमान हातात होतं, सहा मिनिटं शिल्लक. तेवढ्यात समोरचा वारा पडला आणि मानेला मागून हलकी झुळूक लागली. म्हणजे थर्मल, वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, समोरच होतं, आजूबाजूची हवा ओढून घेत होतं. फेकलं, आणि पाचही मिनिटं भरली. अशी झुळूक आधीच्या सहा वर्षांत कितीदा लागली असेल! पण कधी लक्षच गेलं नाही, कारण चुकलो तरी काही बिघडत नव्हतं.

उतारावरचा:
साफ असहमत. मी डोंगरउतारावर उडवतो, एकटा, घड्याळाशिवाय. हवा शिकलो ती घारींकडून आणि हलणाऱ्या गवताकडून. तुमच्या स्पर्धा पाहिल्यात मी. एकाला थर्मल सापडलं की बाकीचे पाच जण त्याच्याखाली धावतात. याला हवा वाचणं म्हणायचं? ही तर नक्कल. त्यात शेजारी उभा मदतनीस सतत सेकंद ओरडत असतो. ज्या शांततेसाठी मी या छंदात आलो तीच तिथे नाही.

हवापाणी:
दादा, शांततेचं म्हणणं मान्य. नक्कल मात्र फार वेळ चालत नाही. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातं, उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा त्याच्या मागची खाली बसणारी हवा येते. पाठलाग करत लांब गेलात आणि मैदानाच्या हद्दीबाहेर उतरलात तर ते उड्डाण शून्य. विमानातून उंचीची माहिती मिळवायलाही बंदी आहे. डोळे आणि कातडी, एवढंच साधन.

खरं कारण वेगळंच आहे. गटातल्या सर्वोत्तम कामगिरीला १००० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. सगळे एकाच वेळी, एकाच हवेत. एकटा उडवायचो तेव्हा लवकर खाली आलो की ‘आज हवाच नव्हती’ म्हणून मोकळा व्हायचो. गटात शेजारचा अजून वर घिरट्या घालत असतो. तिथे ती पळवाट बंद होते.

जुना खांदा:
आणि फेकीचं काय? ज्याचा खांदा तरणा तो वीस मीटर जास्त चढतो, वर साच्यातलं महागडं कार्बनचं विमान. हवा वाचण्याआधीच निम्मी स्पर्धा संपलेली असते. मी दोन हंगाम केले आणि सोडून दिलं. वाईट वाटलं, पण दुखणारा हात घेऊन किती दिवस फेकणार?

मोटर बंद:
खांद्यासाठी छंद सोडू नका हो, एफ५जे हा दुसरा वर्ग बघा. त्यात मोटर असते, पण एकदाच, जास्तीत जास्त ३० सेकंद. सुरुवातीची उंची विमानातलं यंत्र नोंदवतं. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापतात, त्यावर दर मीटरला ३. दहा मिनिटं तरंगायचं, सेकंदाला एक गुण, आणि खुणेपासून मीटरभरात उतरलात तर आणखी ५०.

आता हिशेब करा. २०० ऐवजी ५० मीटरवर मोटर बंद केली तर ७५ गुण वाचतात. पण हवा चुकली आणि दोन मिनिटं आधी खाली आलात तर १२० गेले. ५० मीटरवर, झाडांच्या थोडंसंच वर, हात रिमोटवरच्या मोटरच्या काडीवरून काढायचा. त्या क्षणी पोटात जो गोळा येतो ना, त्यासाठी मी हंगामभर वाट बघतो. पैशांबद्दल मात्र तुमचं खरं आहे. इथेही कार्बन आहेच, आणि तो परवडत नाही म्हणून चांगले लोक बाहेर राहतात याचं मला दुःख आहे.

उतारावरचा:
५० मीटरचा हिशेब आवडला. ‘आज हवाच नव्हती’ हे मीही म्हणतो, अगदी परवाच म्हणालो. तरी गुणांसाठी उडवणं मला जमणार नाही. हवापाणी, पुढच्या वेळी मदतनीस म्हणून येऊ का? वेळ मी मोजतो, पण ओरडणार नाही, हळू आवाजात सांगेन.

हवापाणी:
जरूर या. माझ्या डाव्या बाजूला उभे राहा, मी उजव्या हाताने फेकतो. आणि सेकंद कमी सांगितले तरी चालतील, मागे घारी कुठे वर चढतायत ते आधी सांगा.