इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) अडकलेला स्पार्क प्लग आटे न बिघडवता कसा काढावा?

कास्तकार, दारव्हा
माझ्या १०० सीसी मोटारसायकलचा प्लग बरीच वर्षे बदललेला नाही आणि आता तो पान्याला दाद देत नाही. क्लच कव्हरचा एक बोल्टही तसाच धरून बसला आहे. पान्याला पाइप लावून जोर करू, असे गावातील मिस्त्री म्हणतात. परंतु हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे मी त्यांना थांबवले आहे. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत गाडी यवतमाळला ठेवून येणे शक्य नाही. इंजिन गरम असताना प्रयत्न करावा की थंड असताना?

मिस्त्री, पुसद
पाइप लावू दिला नाहीत, हे उत्तम केले. पोलादी प्लग आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते, आणि खालच्या टोकाला काजळीही जमलेली असते. आधी प्लगभोवतीची माती हवेने उडवून घ्या, अन्यथा ती थेट सिलिंडरमध्ये पडेल. नंतर थंड इंजिनावर प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून ते रात्रभर मुरू द्या. सकाळी पाना अगदी सरळ बसवून थोडे सोडवा, लगेच थोडे परत घट्ट करा, पुन्हा तेल द्या आणि असेच पुढे-मागे करत या. एकदा हलला म्हणून सरळ फिरवत सुटलात, तर हेडचे आटेच प्लगसोबत बाहेर येतील.

वाचक, वरोरा
तेवढ्यानेही न सुटल्यास इंजिन हाताला सोसवेल इतके कोमट करावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. मात्र कडक तापलेल्या हेडचे आटे लवकर ओरबाडले जातात. कव्हरच्या बोल्टसाठी त्याच्याभोवती उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके धरणे पुरेसे ठरते. गॅसची ज्योत मुळीच नको, कारण वर पेट्रोलची टाकी आहे आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा न देताच ६६० अंश सेल्सिअसला वितळते.

कास्तकार, दारव्हा
आणि एवढे करूनही आटे गेलेच, तर हेड बदलावे लागेल का?

मिस्त्री, पुसद
नाही. हेड उतरवून लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचे काम करणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. हेड न उतरवता टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) मारल्यास कीस सिलिंडरमध्ये पडतो. नवा प्लग आधी बोटांनी शेवटपर्यंत बसवा आणि मग पान्याने अर्धा फेराच आवळा. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण त्यामुळे प्लग नकळत जास्त आवळला जातो.